काहिलीतून आलेलं आडनाव

॥ श्री सिद्धरामेश्वर ॥

सोलापूर, १८ जानेवारी २०२४

चि. सौ. चंद्रिका,

आशीर्वाद आहेतच. पण हे पत्र रागानं लिहिते आहे, ते आधीच सांगते.

तुझं पाकीट बनाबाईच्या घरी भोगीच्या दिवशी पोचलं. तिनं ते देवळात माझ्या फुलांच्या परडीत सरकवलं आणि वर बेल टाकून झाकलं. पुढच्या वेळी इतकं जाड पाठवू नकोस. परडीत मावत नाही, आणि परदेशी तिकिटं पाहून तिच्या सुनेला प्रश्न पडतात.

फोटो पाहिला. महेशीचा पुढचा दात पडलाय. उंची तुझ्यावर गेली, कपाळ आमचं. मागं ती नदी आणि काठावर ते लोखंडी धूड, ज्यानं पूर्वी जहाजांवर इंजिनं चढवायचे असं तू लिहिलंस. नदी चांगली रुंद आहे. फोटोपर्यंत सगळं चांगलं होतं.

मग फोटोच्या मागचं नाव वाचलं. महेश्वरी क्लाईड.

चंद्रिका, नदीचं नाव कुणी आडनाव म्हणून लावतं का? नवऱ्याचं नको, समजलं. बापाचं नको, तेही एक वेळ समजलं. पण पोरीला बाप आहे, आणि तो जिवंत आहे. तू लिहितेस, तू काम करतेस त्या दवाखान्याच्या वॉर्डात एक म्हातारा होता, त्याचं आडनाव क्लाईड. तू त्याला विचारलंस, हे तर नदीचं नाव. तो म्हणाला, आमचे कुणी पूर्वी हिच्या काठी राहायचे, परगावी गेल्यावर लोक नदीच्याच नावानं हाक मारायला लागले, तेच चिकटलं. आणि त्या नावाचा फार जुना अर्थ धुणारी, असंही काही जण सांगतात म्हणे. तुला ते आवडलं. कागद भरलास आणि दोघींची नावं बदलून आणलीस. बांगड्या बदलाव्या तशी.

आमच्यात नाव बदलतं ते लग्नात, ताटात तांदूळ पसरून, अंगठीच्या टोकानं. तू सासूला, म्हणजे मलाच म्हणालीस, अत्ती, मला चंद्रिकाच राहू द्या. मी राहू दिलं. सोमेशला पाहुण्यांसमोर ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या गालावर बोटं उमटली होती. मी हळद लावली आणि म्हटलं, डास चावला असेल. तेव्हा तू हसली होतीस. मला वाटलं, पोर समजूतदार आहे.

आता तुझ्या मागणीचं. सोमेशनं तुला मारलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, एवढं मी वकिलासमोर लिहून द्यावं, म्हणजे तिथलं कोर्ट त्याला तुमच्या जवळ यायला बंदी करेल. ते मी देणार नाही. आईनं पोटच्या मुलाविरुद्ध कागद करायचा नसतो. तुझा जबडा मोडला तेव्हा तू जिन्यावरून पडलीस, असं दवाखान्यात लिहिलेलं आहे. तेच राहू दे. त्या वर्षी जत्रेत, सिद्धरामेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवशी सोमेश संमती कट्ट्याच्या गर्दीत होता तेव्हा दार मी उघडलं. पासपोर्ट तांदळाच्या डब्यातून मी काढून दिले. कुर्डुवाडीच्या तुझ्या मामाकडं जाणाऱ्या गाडीत तुम्हा दोघींना मी बसवलं. त्याच्या पलीकडं माझ्याकडं मागू नकोस.

सोमेश तसाच आहे. जेवताना विचारतो, “अव्वा, पत्ता दे.” मी म्हणते, मला ठाऊक नाही. मग ताट भिंतीवर जातं. मी भिंत पुसते. ताटं स्टीलची आहेत म्हणून बरं, चेपतात, फुटत नाहीत.

महेशीला शेंगाची चटणी आवडायची. कुटून पाठवते. तिथल्या शेंगदाण्याला आपली चव नसणार.

तुझी अत्ती
अक्कम्मा

*

सोलापूर, २७ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. चंद्रिका,

सौ. लिहू नका म्हणालीस. लिहिणार. काडीमोड अजून झालेली नाही.

पार्सल परवा टाकलं. चटणी, कडक भाकरी आणि महेशीला एक खणाचं झबलं. तिला आता होणार नाही, बाहुलीला घालेल. काउंटरवर एक चष्म्याची मुलगी आहे, बोलायला गोड आहे. म्हणाली, “आजी, घेणाऱ्याचं नाव?” मी सांगितलं, कुमारी महेश्वरी सोमेश कुडलकर. क्लाईड मी लिहिणार नाही. माझ्या हातून ते होणार नाही. पत्ता तुझाच घातला आहे, पत्त्याला मिळालं म्हणजे झालं.

पाठवणाऱ्याचा पत्ता बनाबाईचा सांगत होते. ती मुलगी म्हणाली, “परदेशी पार्सल आहे आजी, आधारवरचाच लागतो.” मग आपल्या घरचा दिला. पार्सल इथून तिकडं जातं, तिकडून इकडं येत नाही, म्हणून भीती नाही.

पोरीला आपल्या आडनावाची हकिकत कधी सांगितली आहेस का? नसशील. मी सांगते, तू तिला वाचून दाखव. सीना जिथं भीमेला मिळते ते कुडल. तिथं आपला मूळपुरुष गुरुसिद्धप्पा राहायचा. एकदा तीन दरोडेखोर नदी ओलांडून आले. ह्यानं एकट्यानं कुऱ्हाडीनं तिघांना तोडलं आणि दोन पाण्यांच्या मध्ये उभं राहून कुऱ्हाड धुतली. खालच्या गावापर्यंत पाणी तांबडं गेलं. लोक म्हणाले, हा कुडलकर. तीच कुऱ्हाड आपल्या देवघराशेजारी टांगलेली आहे, दसऱ्याला तिला झेंडू वाहतो. माझे सासरे म्हणायचे, आमच्या पुरुषांचा हात जड असतो, तो कुडलच्या पाण्याचा गुण आहे. हे सुद्धा तेच म्हणायचे. मी नवी नवरी होते तेव्हा कानशिलात बसल्यावर मला वाटायचं, एवढ्या मोठ्या घराण्याचा मार आहे.

तू म्हणशील, आमच्या आडनावासाठी कुणाला मारावं लागलं नाही. ते दिसतंच आहे.

दुकानात गेल्या आठवड्यात वाईट झालं. बिरुदेव हमालाच्या पाठीवरून ज्वारीचं पोतं घसरलं आणि फुटलं. सोमेशनं काट्याजवळचं पाच किलोचं वजन उचलून फेकलं. बिरुदेवचा कान खालून फाटला आणि लोंबायला लागला. रक्त ज्वारीत गेलं. गिऱ्हाईक उठून गेलं. सोमेश म्हणाला, “कुडलकराचा हात हाय, नेम चुकला म्हणून वाचलास.” मी फडकं बांधत होते तर बिरुदेव मलाच म्हणतो, “अव्वा, कान हाय म्हणून ऐकावं लागतंय की ह्येचं. तुटला असता तर सुटलो असतो.” आणि हसला. दात रक्तानं भरलेले. मला पण हसू आलं, देवा क्षमा कर.

ती ज्वारी पाखडून, धुऊन वाळत घातली. धान्य टाकवत नाही.

अक्कम्मा

*

सोलापूर, ६ मे २०२४

चि. सौ. चंद्रिका,

निरोप मिळाला ना? बनाबाईच्या सुनेच्या फोनवरून तिनं त्याच दिवशी पाठवला. घर सोड, एवढंच मी सांगायला लावलं. बाकीचं फोनवर सांगवलं नाही. ते इथं, बनाबाईच्या ओसरीवर बसून लिहिते.

पार्सल परत आलं.

तू कळवलंस ते आता मला समजलं. तू कामावर होतीस, पोस्टमननं चिठ्ठी टाकली, तू ऑफिसात आणायला गेलीस तर त्यांनी ओळखपत्र मागितलं. ओळखपत्रावर क्लाईड, पार्सलवर कुडलकर. नाव जुळेना, म्हणून दिलं नाही. तू काउंटरवर भांडलीस, रडलीस, तरी नाही. आणि ते समुद्र ओलांडून माझ्या आधारवरच्या पत्त्यावर आलं. सोमेश दारातच खुर्ची टाकून बसला होता. सही त्यानं केली.

त्यानं आरडाओरडा केला असता तर मला कळलं असतं, पळता आलं असतं. त्यानं शांतपणे खोकं स्वयंपाकघरात आणलं. सुरीनं चिकटपट्टी कापली. चटणीची पिशवी फोडून चिमूटभर तोंडात टाकली.

“अव्वा, मीठ कमी पडलंय.”

मग पत्ता मोठ्यानं वाचला. घर नंबर, रस्ता, ग्लासगो. शाळेत पोरं कविता म्हणतात तसा, थांबून थांबून. वाचून झाल्यावर म्हणाला, “अक्षर कुणाचं ग हे? वळणदार हाय. मॅट्रिक झालेल्या बाईचं दिसतंय.”

पहिला फटका पाठीत बसला. पोळपाटाचा. मला ठाऊक नाही, ठाऊक नाही, असं तो माझ्याच आवाजात म्हणायचा आणि दर वेळी मारायचा. मी देवघराकडं सरपटले. वाटलं, तिथं नाही मारणार. तिथं पण मारलं. पिंडीवरचा तांब्या उलटला. मी डोकं झाकायला डावा हात वर केला त्यावर पोळपाटाची कड बसली. मनगट बाभळीची काटकी मोडावी तसं मोडलं. मग तो थांबला. चटणी पायानं सगळीकडं पसरली होती, त्याचे तळवे तांबडे झाले होते. तो म्हणाला, “फरशी पूस. घसरायला होतंय.”

मी पुसली. एका हातानं.

बनाबाईनं हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कशानं? मी म्हटलं, पडले. कुठून? जिन्यावरून. बनाबाई नुसती माझ्याकडं बघत राहिली. रिक्षात बसल्यावर पण बघतच होती.

सोमेशनं एक एजंट धरलाय. व्हिसाचा अर्ज घातला आहे. ट्रॅव्हल्सवाल्याला फोनवर म्हणाला, “पोर उचलायची आणि यायचं. बाईचं काय करायचं ते नदीकाठी ठरवू.” चंद्रिका, मी हे कानांनी ऐकलं. त्यानं मला ऐकू जावं म्हणूनच म्हटलं.

तू निरोप धाडलास, घर सोडणार नाही. पोरीची शाळा इथं आहे, माझं काम इथं आहे, मी एकदा पळाले, दुसऱ्यांदा नाही. तिथल्या पोलिसांना सांगितलंस, ते म्हणाले, त्यानं मारल्याचं सांगणारं कुणी आहे का? म्हणजे पुन्हा तेच मागतेस. माझा हात गळ्यात बांधलेला आहे आणि तू तेच मागतेस.

मी अजून नाही म्हणते. का म्हणते ते मला विचारू नकोस. मी त्याला नऊ महिने वागवला आहे. आज वळसंगला रत्नम्मा आत्यांकडं जाते. ह्यांच्या आत्या, तू लग्नात पाहिल्या होत्यास, वाळलेल्या, मोठ्या नथीच्या. तिथं तो येत नाही, त्यांच्या जिभेला भितो.

दाराला दोन कड्या लाव.

अक्कम्मा

*

वळसंग, १९ जून २०२४

चि. चंद्रिका,

नीट बसून वाच. पोरगी शाळेत असेल तेव्हा वाच.

आत्यांच्या अंगणात मी शेंगा कुटत होते. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्यात बत्ता. तुला दुसरं पार्सल पाठवायचं मनात होतं, पण नाव काय घालायचं ते ठरत नव्हतं, म्हणून सावकाश कुटत होते. आत्या खाटेवर. मी त्यांना तुझ्या नावाचं सांगितलं. वाटलं, चार शिव्या देतील तर माझंही मन मोकळं होईल. मी म्हटलं, आपल्या गुरुसिद्धप्पानं तीन मुंडकी उडवून मिळवलेलं नाव सोडून पोरीनं कुठल्या नदीचं नाव लावलंय.

आत्या खाटेवर उठून बसल्या.

“येऽ अक्की, कुणी सांगितलं ग तुला मुंडकी?”

“सगळेच सांगतात. कुऱ्हाड आहे की घरात.”

“कुराड माझ्या आज्यानं अक्कलकोटच्या बाजारातनं आणली. लाकडं फोडायला. मी बारकी हुते, बैलगाडीत तिच्यावर बसून आले.” आणि हसायला लागल्या, हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, मला तसं जमणार नाही.

“गुरुसिद्धप्पा त्ये पोरगं. कडेवरचं. मारणारा नव्हं, मार बघणारा. त्येची आई पल्याडची, भीमेच्या त्या अंगाची. नवरा रोज बडवायचा. एक दिस तिनं पोर काखेत घातलं, गुळाची काहील नदीत लोटली अन् बसली आत. पूर न्हवता, पर पाणी लई हुतं. नवरा काठावरनं दगडं मारतोय, ही हातानं पाणी मारतीय. एक दगड हितं लागला.” आत्यांनी कानशिलावर बोट ठेवलं. “कुडलला काहील लागली तवा आत रगत अन् पाणी मिळून पोराच्या ढोपरापत्तर आलंतं. कुलकर्ण्यानं इचारलं, बाई, नवऱ्याचं नाव काय? तिनं घेतलं न्हाय.”

मी म्हटलं, “नवऱ्याचं नाव बाई घेत नाही म्हणून.”

“तसं म्हण. भीत हुती म्हण. का थुकली म्हण. घेतलं न्हाय बघ. मग कुलकर्ण्यानं लिवलं, कुडलची बाई. अन् पोराचं लिवलं, कुडलकर. एवढंच हाय तुमचं घराणं. काहिलीतनं आलेलं.”

“मग पुरुष असं का सांगतात?”

“आई मार खाऊन पळाली म्हणून नाव पडलं, ह्ये कोण सांगंल दसऱ्याला?”

चंद्रिका, मी बत्ता हातात धरून तशीच बसले. चुलते, सासरे, हे, सोमेश, सगळे त्या कुऱ्हाडीला झेंडू वाहताना डोळ्यांपुढं आले. एवढी वर्षं आम्ही सरपण फोडायच्या हत्याराला नमस्कार करतो आहोत, आणि ती बाई कुणाला ठाऊक नाही. तिचं नावही आत्यांना येत नाही.

तेवढ्यात मोटारसायकल वाजली.

सोमेश आत आला. आत्यांच्या पाया पडला. मला म्हणाला, “अव्वा, सही कर.” छापील कागद होता. “वाच की. वाचता येतंय तुला.”

मी वाचला. चंद्रिका वेडसर आहे, तिनं पोरीला फसवून नेलं, ती पोरीला मारहाण करते, हे मी सासू या नात्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि पोरीचा जीव तिच्याजवळ धोक्यात आहे. एजंटनं सांगितलं होतं, सासूचाच कागद असला की तिकडचे लोक पण गप्प बसतील.

मी म्हटलं, “ह्यात मारणाऱ्याचं नाव चुकलंय.”

“काय?”

“नाव चुकलंय, सोमेश. मी असा कागद करणार नाही.”

त्यानं माझा प्लास्टरचा हात धरला आणि पिळला. पान्यानं नळ आवळतात तसा. आतलं हाड पुन्हा सरकलेलं मला कळलं. मी ओरडले नाही, ओरडले असते तर गाव आलं असतं, तशी सवयच नाही. आत्या काठी टेकत उठल्या. “सोम्या, सोड तिला. साकु. पुरे आता.” त्यानं माझा हात न सोडता दुसऱ्या हातानं त्यांच्या छातीवर धक्का दिला. त्या मागं गेल्या आणि डोकं चौकटीवर आपटलं. पांढऱ्या केसांतून रक्त नथीपर्यंत आलं. तो म्हणाला, “थेरडे, अजून मेली न्हाईस व्हय तू?” आणि त्यानं त्यांच्याकडं पाय उचलला.

बत्ता माझ्या हातातच होता. चटणी निम्मी कुटून झाली होती.

मी त्याच्या तोंडावर मारला. जो आवाज आला तो माझ्या ओळखीचा होता. तुझ्या वेळी मी शेजारच्या खोलीत भाकरी थापत होते, तेव्हा तोच ऐकला होता, आणि भाकरी परतली होती.

तो उंबऱ्यात कोसळला. दात शेंगांच्या कुटात पडले. मी दुसऱ्यांदा मारला. दुसऱ्या वेळी तो खाली पडलेला होता आणि त्याचे दोन्ही हात रिकामे होते. हे मी तुला सांगते, कारण कुणी तरी तुला म्हणेल की आईनं जीव वाचवायला मारलं. पहिला तसा होता. दुसऱ्या वेळी माझ्या हातात जे बळ आलं ते देवाचं नव्हतं. आत्यांनी माझ्या पदराला धरून मागं ओढलं नसतं तर तिसरा पण बसला असता. मग ह्या कागदावर तुला वेगळंच काही वाचायला मिळालं असतं.

नंतर मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. रक्त नाकात जाऊ नये म्हणून मान कुशीवर केली. तुला तसंच केलं होतं.

ॲम्ब्युलन्स आली, पोलीस आले. फौजदार बाई होत्या, वयानं तुझ्याएवढ्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “मावशी, तुमचाच मुलगा आहे. कशाला केस ओढवून घेता? सांगा ना, जिन्यावरून पडला म्हणून. मी तसं लिहिते.”

मी म्हटलं, “बाई, ह्या घराला जिना नाही.”

“बरं, मग सोलापूरच्या घरी—”

“तिथं पण नाही. आमचं घर बैठं आहे. जिना कधीच नव्हता.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. बनाबाई रिक्षात बघत होती तशा. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “पहिल्यापासून सांगा. नाव?”

मी सांगितलं. अक्कम्मा धोंडप्पा कुडलकर. ह्यांचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर मी तोंडानं घेतलं नव्हतं. घेतल्यावर म्हटलं, ते पण मारायचे, तेही लिहा. मग तुझा गाल, तुझी बरगडी, तुझा जबडा. महेशीला त्यानं गच्चीच्या कठड्यावर धरली होती ते. बिरुदेवचा कान. सगळं. मधेच त्या म्हणाल्या, गच्ची आहे तर जिना असेल की. मी म्हटलं, लाकडी शिडी आहे. तिच्यावरून फक्त पापड आणि सोमेश चढतो. तेव्हा त्यांना हसू आलं.

तू मागितलेला कागद झाला. वकिलानं नक्कल करून, शिक्का मारून दिली आहे. सोबत आहे.

आत्यांना टाके पडले. टाका घालताना डॉक्टरला कन्नडमधून काय काय म्हणत होत्या ते लिहिण्यासारखं नाही.

अक्कम्मा

*

सोलापूर, १२ ऑगस्ट २०२४
श्रावण सोमवार

चि. चंद्रिका क्लाईड,

तुझ्या कोर्टाचा हुकूम झाला, हे वाचून मी देवापुढं साखर ठेवली. त्याच्यावर माझं नाव पण आहे म्हणालीस. इंग्रजीत कसं दिसतं ते पोरीला मोठ्या अक्षरात काढून पाठवायला सांग.

इकडं सोमेशचा पासपोर्ट पोलिसांत जमा आहे. जामिनाची अट. व्हिसाचा अर्ज बारगळला. माझ्यावर पण केस आहे, तारखेला जाते. वकील म्हणतात, दुसऱ्या फटक्याचं कुठं बोलू नका. मी म्हटलं, विचारलं तर बोलेन. ते कपाळाला हात लावतात.

त्याचा जबडा तारेनं बांधला होता. महिनाभर मी दवाखान्यात रोज पेज नेली. नळीनं प्यायचा. माझ्याकडं बघायचा नाही. एकदा मी वाटी धरली होती तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते रागाचं की कशाचं, मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. तार काढल्यावर पहिलं वाक्य काय बोलला ठाऊक आहे? “मीठ कमी पडलंय.” मी वाटी खाली ठेवली आणि घरी आले. तेव्हापासून बिरुदेव डबा नेऊन देतो. कान शिवला आहे, पण वाकडा बसलाय. म्हणतो, “अव्वा, आता निम्मंच ऐकू येतंय, लई आराम हाय.”

सोमेश दवाखान्यातून सुटून घरी येईल तेव्हा मी इथं नसेन. वळसंगला आत्यांजवळ राहीन. तिथला पत्ता तुला देते, त्याला ठाऊकच आहे, पण आत्यांनी उशाशी बत्ता ठेवला आहे. तुझ्याकडं ये म्हणालीस. नको. तुमच्याकडं पाऊस लई, आणि माझी पूजा इथली. पण एक मनात येतं. त्या नदीच्या काठी एकदा उभं राहावं आणि बघावं, धुणारी म्हणतात ती काय काय धुते. माझ्या दोन लुगड्यांचे डाग गार पाण्यात, साबणानं, मीठ लावून, कशानंच गेले नाहीत. फेकवत नाहीत. पुसायला वापरते.

देवघराजवळची कुऱ्हाड काढली. आत्यांकडं सरपण फोडायला नेली. चांगली धार आहे.

आज सकाळी देवळातून पोस्टात गेले. चटणी आहे, भाकरी आहे. झबलं ह्या वेळी बाहुलीच्याच मापाचं शिवलं. ती चष्म्याची मुलगी अजून तिथंच आहे. माझा हात बघून म्हणाली, आजी, काय झालं? मी म्हटलं, मुलानं मोडला. ती टाइप करायला लागली. “घेणाऱ्याचं नाव?”

“महेश्वरी क्लाईड.”

तिनं मला दोनदा विचारून बरोबर घातलं. मग मान वर करून म्हणाली, “तुमची कोण लागते, आजी? तुमचं कुडलकर, हिचं वेगळंच दिसतंय.”

मी म्हटलं, “नात आहे. वेगळं काही नाही ग. आमच्यात आडनाव असंच पडतं. बाई पोर घेऊन ज्या काठाला लागेल, त्याचं.”

अक्कम्मा